तिसऱ्या बाकावरची आकृती

चौतीस वर्षांपूर्वी आलेलं एक पत्र सरांनी शब्दकोशात ठेवून दिलं होतं आणि त्याचं उत्तर कधीच लिहिलं नव्हतं. ते विसरले असते तर बरं झालं असतं. विसरणाऱ्याला कोणी फासावर चढवत नाही. पण सरांना ते पत्र पानासकट आठवायचं. शब्दकोश दोन खंडांचा, जाडजूड. पहिल्या खंडात 'क' संपून 'ख' सुरू होतो तिथं ते दडवलेलं. निवृत्तीनंतर सर दिवसभर पुस्तकांत डोकं खुपसून बसायचे, त्यामुळे शब्दकोशाला रोज हात लागायचाच. पण 'ख'चा एखादा शब्द अडला, तर सर बायकोला विचारायचे.

पत्र दहावीतल्या एका विद्यार्थिनीचं होतं. वर्गात ती खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर बसायची, म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव 'तिसऱ्या बाकावरची' असंच पडलं होतं. सर तेव्हा या शाळेत नवे, दुसरंच वर्ष. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत त्यांनी तिच्या आकृतीला दहापैकी शून्य दिलं होतं. प्रयोग साधा होता. कागदावर पट्टीचुंबक ठेवायचा, बाजूला चुंबकसूची ठेवायची, सुईच्या दोन्ही टोकांशी ठिपके मारायचे, मग सूची पुढं सरकवायची, पुन्हा ठिपके. ठिपके जोडले की चुंबकीय बलरेषा मिळतात. त्यांवर सुईचं लाल टोक जिकडे दाखवेल तिकडे बाण काढायचा. चुंबकाच्या बाहेर बलरेषा उत्तर ध्रुवातून निघतात आणि दक्षिण ध्रुवात शिरतात, हे शाळेतल्या शिपायालाही ऐकून ऐकून पाठ झालं होतं. तिसऱ्या बाकावरचीच्या आकृतीत त्या दक्षिणेतून निघून उत्तरेत शिरत होत्या. सगळेच्या सगळे बाण उलटे.

ती परीक्षेतच म्हणाली होती, "सर, सुई असंच दाखवते."

सर म्हणाले होते, "सुई उलटी झाली असेल. जुनी झाली की होतं तसं. तू पुस्तकातल्यासारखी आकृती काढ."

तिनं काढली नाही. आठ दिवसांनी पत्र आलं. अक्षर टपोरं, एकही खाडाखोड नाही.

"आदरणीय सर, तुम्ही म्हणालात म्हणून मी सुई तपासली. चुंबकापासून दूर, खिडकीशी नेली. सकाळ होती. उगवता सूर्य उजव्या हाताला ठेवून उभी राहिले, तर लाल टोक बरोबर समोर होतं, म्हणजे उत्तरेला. म्हणजे सुई बरोबर आहे. मग चुंबकावरची अक्षरं चुकीची असली पाहिजेत. या विचारात माझं कुठं चुकतं ते सांगाल का? या शून्यामुळे गुण कमी पडून मला विज्ञान शाखा मिळणार नाही. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. मला फक्त माझी चूक समजून घ्यायची आहे."

सरांनी तीनदा उत्तर लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. तिच्या विचारात चूक सापडेना. प्रयोगशाळेत जाऊन चुंबक तपासणं हे पाच मिनिटांचं काम. पण सुट्टी लागली होती आणि किल्ली सहायकाकडे होती. सुट्टी संपली तेव्हा निकाल लागून गेला होता. मग वाटलं, इतक्या उशिरा काय लिहायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं कारण सरांना माहीत होतं. तिचं बरोबर निघालं तर काय, या भीतीनं ते चुंबक तपासायला गेलेच नाहीत.

आता थोडं सरांच्या बायकोबद्दल. ती घरी शिवणकाम करायची आणि सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची; आपणही मावशीच म्हणू. नववीत तिची शाळा सुटली होती. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी तिनं जाहीर केलं, "मी दहावीला बसणार. बाहेरून." सर म्हणाले, "आता कशाला?" मावशी म्हणाली, "तुम्हाला तरी आता पुस्तकं कशाला लागतात?" तिथं विषय संपला. भाषा, इतिहास तिचं ती बघत होती. भौतिकशास्त्र मात्र घरच्या मास्तरांकडे आलं, आणि मास्तरांची त्रेधा उडाली. सर फळ्याकडे तोंड करून पुटपुटत शिकवणारे. मुलांनी त्यांना 'पुटपुटे सर' असं नावच ठेवलं होतं. इथं फळा नव्हता. समोर बायको, आणि ती प्रत्येक वाक्याला "म्हणजे काय?" असं विचारायची.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला तिनं जेवणाच्या टेबलावर प्रयोग मांडला होता. साहित्य शाळेतलंच. सर निवृत्त झाले तेव्हा शाळेनं नवीन संच घेतला आणि जुनी लाकडी पेटी सरांना आठवण म्हणून दिली. सहा पट्टीचुंबक, दोन चुंबकसूची, पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळलेलं एक वेटोळं. अकरा वर्षं ती पेटी शिवणयंत्राच्या खणात होती. त्यातला एक चुंबक घेऊन मावशी फरशीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायची.

"अहो, हे 'उ' म्हणजे उत्तरच ना?"

"हं."

"आणि सुईचं लाल टोक म्हणजे पण उत्तरच?"

"हं."

"मग हे काय? तुम्ही काल म्हणालात, सारखे ध्रुव एकमेकांना झिडकारतात. इथं तर उत्तर उत्तरेच्या गळ्यात पडतंय. माहेरी आल्यासारखं."

सरांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. "सुई उलटी झाली असेल. जुनी झाली की होतं तसं. तू पुस्तकातल्यासारखी आकृती काढ."

वाक्य तोंडातून गेलं आणि सरांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. हेच वाक्य. हेच शब्द, याच क्रमानं.

"पुस्तकातलीच काढायची तर हा पसारा कशाला मांडला?" मावशी उठलीसुद्धा. "सुईला नावं ठेवू नका. माझं सगळं आयुष्य सुईवर गेलंय. थांबा, तिची परीक्षा घेते."

ती सूची घेऊन सज्जात गेली. ऊन कलायला लागलं होतं. मावळतीकडे डावा हात करून उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "लाल टोक नाकासमोर! नाकासमोर म्हणजे उत्तर ना? सुई ठणठणीत आहे. आजारी तुमचा चुंबक आहे!"

सर उठले. गुडघे करकरले, त्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. त्यांनी दुसरी सूची घेतली. लाल टोक 'उ'कडे धावलं. दुसरा चुंबक काढला, तेच. तिसरा, चौथा. पाचवा, सहावा. सगळीकडे तेच.

"दोरा," सर म्हणाले.

"कुठला?"

"कुठलाही. लांब."

मावशीनं रिळावरून हातभर दोरा तोडून दिला. सरांनी चुंबकाच्या मधोमध गाठ मारली. टेबलावरचे बाकीचे चुंबक आणि कात्री लांब नेऊन ठेवायला सांगितलं आणि कपडे वाळत घालायच्या लाकडी दांडीला तो आडवा टांगला. इथं सुई नव्हती, शंका घ्यायला काहीच नव्हतं. मोकळा टांगलेला चुंबक आपला आपण उत्तर-दक्षिण उभा राहतो. सरांनी दर वर्षी वर्गाला हेच सांगितलं होतं. चुंबक गरगरला, परत फिरला, थोडा डुलला. दोघंही श्वास रोखून बघत होती. हळूहळू तो थांबला. उत्तरेकडे जे टोक होतं त्यावर लाल रंगात स्वच्छ लिहिलं होतं : द.

सर मटकन खुर्चीत बसले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती सरकत नाही. जमीन जागेवरच असते, आपणच तिथं नसतो, असं काहीतरी त्यांना वाटलं.

"अहो, चेहरा बघा तुमचा. पाणी देऊ? चुंबक उलटा निघाला, एवढंच ना?"

सर उठले. शब्दकोशाचा पहिला खंड आणला, 'ख' उघडला आणि पिवळा पडलेला कागद तिच्यासमोर ठेवला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्या पत्राला दुसऱ्या कुणाचे डोळे लागत होते.

मावशीनं चष्मा लावून सावकाश वाचलं. शेवटी आली, पुन्हा वर गेली. मग चष्मा काढला.

"तुम्ही हिला शून्य दिलंत?"

"हो."

"दहापैकी?"

"हो."

"अहो, ठिपके नीट मारल्याचा तरी एक द्यायचा! आणि उत्तर काय लिहिलंत?"

सरांनी शब्दकोश मिटला.

"लिहिलंच नाहीत." मावशीचा आवाज खाली आला. तो खाली आला की सरांना जास्त भीती वाटायची. "पोर सूर्य उजव्या हाताला घेऊन उभी राहिली. मी आत्ता डाव्या हाताला घेऊन राहिले. माझं ऐकलंत, कारण माझ्या हातात तुमचा चहा आहे."

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "पण सहाच्या सहा उलटे कसे झाले? एखादा समजू शकते."

सरांनाही तेच कळत नव्हतं. दोन चुंबक एकमेकांजवळ आणले की उत्तर उत्तरेला लोटत होतं, दक्षिण दक्षिणेला. सगळेच उलटे असले तर आपसांत सगळं सरळच दिसणार; म्हणून कुणाला संशय आला नसावा. टांगून दाखवायचा मोठा चुंबक शाळेत वेगळा होता, तो कपाटात कुलपात असायचा. पण उलटे केले कुणी? सहायकानं? कुणा वांड मुलानं?

"चुंबक कमजोर झाले की पुन्हा जोर भरावा लागतो," सर म्हणाले. "या वेटोळ्यात घालायचे आणि तारेतून बॅटरीची वीज सोडायची. उत्तर ध्रुव कुठल्या बाजूला होणार ते उजव्या हाताच्या अंगठ्यावरून ठरतं. हाताची बोटं विजेच्या दिशेनं वळवायची, अंगठा दाखवेल तिकडे उत्तर. ते काम मीच करायचो. दर वर्षी, परीक्षेच्या आधी."

"दर वर्षी अंगठा धरून बसायचात?"

"नाही. पहिल्या वर्षी नीट बघून चित्र काढून ठेवलं होतं. पुढं त्याच्यावरून करायचो. चुकायला नको म्हणून."

ते चित्र पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं होतं. सरांचंच अक्षर. वेटोळं, लाल तार कुठं, काळी तार कुठं, विजेचे बाण, आणि वेटोळ्यावर ठेवलेला एक हात. सरांची चित्रकला चांगली. बोटांची पेरं, मुठीवरच्या गाठी, अंगठ्याचं नख, सगळं त्यांनी पेन्सिलीनं छायेसकट काढलं होतं. अंगठा उजवीकडे. शेजारी लिहिलेलं : अंगठ्याकडे 'उ'.

मावशी चित्राकडे बघत राहिली. कापड बेतताना बघते तशी, एक डोळा बारीक करून. मग तिनं आपला उजवा हात पालथा करून चित्रावर ठेवला. अंगठा डावीकडे आला. उचलला आणि डावा ठेवला. पेरावर पेर, अंगठ्यावर अंगठा, चपखल बसला.

"अहो, हा डावा हात आहे."

"काहीतरीच काय."

"मला शिकवता? उजवी बाही डावीकडे लागली तर गिऱ्हाईक आरशासमोर अडकून पडतं. डावा आहे हा. हे बघा, मनगटावर तुम्ही घड्याळाचा पट्टासुद्धा काढलाय. तुम्ही घड्याळ कुठल्या हातात घालता?"

सरांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. मग नकळत टेबलावरची पेन्सिल उचलली, चित्र काढायला बसल्यासारखी. पेन्सिल उजव्या हातात. समोर ठेवून बघायला मोकळा राहिलेला हात एकच.

परीक्षेत मुलं हीच चूक करतात. उजव्या हातात पेन असतं म्हणून अंगठ्याचा नियम डाव्या हातावर लावतात आणि उत्तर उलटं येतं. सर दर वर्षी बजावायचे, "आधी पेन खाली ठेवा, मग हात उचला." निवृत्तीच्या भाषणात मुख्याध्यापिकांनी त्यांच्या याच वाक्याची आठवण काढली होती आणि सगळे हसले होते.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," मावशी म्हणाली, आणि म्हटल्यावर तिलाच वाईट वाटलं. तिनं सरांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

पण सरांचं मन तिथं नव्हतं. ते पुढं मोजत चाललं होतं. चित्र पहिल्याच वर्षीचं. तिथपासून पंचवीस वर्षं चुंबक भरले, म्हणजे पंचवीस वर्षं उलटे भरले. दर वर्षी सत्तर-ऐंशी मुलं. प्रत्येकानं सुई ठेवली असणार आणि प्रत्येक सुईनं उलटंच दाखवलं असणार. मग बाकीच्या सगळ्यांच्या आकृत्या बरोबर कशा आल्या?

"आपल्या मुलाला फोन लाव," सर म्हणाले.

मुलगा याच शाळेत, सरांच्याच हाताखाली शिकला होता. आता दुसऱ्या शहरात पुलांची कामं बघायचा. मावशीनं फोन लावून टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"आई? आत्ता कसा फोन? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. त्यांना तुला भौतिकशास्त्र विचारायचंय."

"मला? अगं, मला तर आता—"

"पट्टीचुंबकाच्या बलरेषा," सर मध्येच म्हणाले. "दहावीत काढल्या होत्यास. आठवतं?"

"आठवतं की. दहापैकी दहा. तुम्ही ती आकृती फळ्याशेजारी लावली होती. मित्रांनी मला महिनाभर चिडवलं, बापानं लावली म्हणून."

"सुई काय दाखवत होती?"

पलीकडे कुणीतरी लोखंडावर ठोकत असल्याचा आवाज येत होता.

"सुई काय दाखवत होती?"

"बाबा, आता कशाला ते?"

"काय दाखवत होती?"

"उलटं."

मावशीनं तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे तुला माहीत होतं," सर म्हणाले.

"सगळ्यांनाच माहीत होतं. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सांगून जायची. 'ठिपके सुईवरून घ्या, बाण पुस्तकातून.' रेषांचा आकार तोच येतो ना, फक्त बाण फिरवायचे. आमच्या आधी कुणा मुलीनं सुईप्रमाणे बाण काढले आणि तिला शून्य मिळालं, तिची गोष्ट दर वर्षी सांगायचे. भुताची गोष्ट सांगतात तशी."

"मेल्या, मला तरी सांगायचंस!" मावशी फोनवर वाकून ओरडली.

"तुला सांगून काय होणार होतं, आई? तू म्हणाली असतीस, वडलांशी वाद घालू नकोस."

मावशी सरळ झाली आणि तिनं फोन सरांकडे सरकवला.

"आणि मला?" सरांनी विचारलं.

"तुम्हाला एकदा विचारलं होतं, जेवताना. चुंबकावरची अक्षरं उलटी पडली असली तर कळणार कसं? तुम्ही म्हणालात, शाळेच्या साहित्यावर शंका घेण्याआधी आपल्या डोळ्यांवर घ्यावी. पुन्हा मी विचारलं नाही." मग म्हणाला, "तुम्ही त्या पेटीला किती जपायचात, बाबा. रुमालानं पुसायचात. कुणाला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. खरंच."

फोन बंद झाला. दांडीला टांगलेला चुंबक वाऱ्यानं थोडा हलला आणि पुन्हा आपल्या जागी आला. सरांना एवढंच दिसत होतं : रुमालानं चुंबक पुसणारा एक माणूस, आणि त्याच्याकडे बघून एकमेकांना कोपरानं ढोसणारी, दया येऊन गप्प बसणारी मुलं. दीड हजारांहून जास्त. आजवर सरांना वाटत होतं, आपण मुलांना बघायला शिकवलं.

दोन दिवस सर जेवणापुरतेच बोलले. मावशीनं त्यांना छेडलं नाही; ती आपला रसायनशास्त्राचा धडा मोठ्यानं वाचत बसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "पत्ता मिळाला."

"कुणाचा?"

"तिचाच. दुसऱ्या कुणाचा? तिची वहिनी माझं गिऱ्हाईक. मापं घेता घेता विषय काढला. विज्ञानाला नाही गेली ती. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आहे. आधी घरोघरी मीटरचे आकडे लिहायची, आता लिहिणाऱ्यांवर देखरेख करते. मध्ये एकदा साहेबाच्याच घरचं मीटर उलटं फिरतंय असं लिहून मोकळी झाली म्हणे. मोठा गोंधळ झाला. वहिनी म्हणाली, आमची नणंद तशीच आहे, दिसेल ते लिहिते." मावशीनं कागदाची चिठ्ठी पुढं केली. "फोन नंबरही दिलाय."

"फोन नको."

"का?"

"तिनं पत्र लिहिलं होतं."

सर लिहायला बसले ते दुपारपर्यंत. मायना लिहायलाच अर्धा तास गेला. सोळा वर्षांच्या मुलीला लिहायचं की पन्नाशीच्या बाईला, हेच ठरेना. पाच पानं झाली. चुंबकत्व कसं नाहीसं होतं, वेटोळ्यात ते कसं भरतात, त्या काळी शाळेत साहित्याची किती टंचाई होती, ते स्वतः कसे नवे होते, किल्ली कशी सहायकाकडे होती.

मावशीनं पाचही पानं वाचली आणि शिवणाचा खडू घेऊन आली. कापडावर मारते तशा तिनं पानांवर पांढऱ्या रेघा मारल्या.

"हे किल्लीचं काढा. हे साहित्याच्या टंचाईचं काढा. तिनं विचारलं नव्हतं."

"पण संदर्भ लागतो गं."

"तिनं एकच विचारलं होतं, माझं कुठं चुकलं? पहिल्या ओळीत त्याचं उत्तर हवं. तुम्ही चौथ्या पानावर दिलंय, तेही कंसात."

"ती म्हणेल, म्हातारा आता मरायला टेकला म्हणून लिहितोय."

"म्हणू दे. खोटं आहे का?"

सरांना हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच. मग हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले, आणि मावशी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली, म्हणजे त्यांना नीट पुसता यावेत.

शेवटी जे पत्र झालं ते एका पानाचं होतं.

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर : तुझं कुठंही चुकलं नव्हतं. सुई बरोबर होती. चुंबकांवरची अक्षरं आणि चुंबक एकमेकांशी जुळत नव्हते, कारण चुंबक मी उलटे भरले होते. अंगठ्याचा नियम मी डाव्या हाताला लावला होता. हे मला तीन दिवसांपूर्वी कळलं, पण कळून घ्यायला मला चौतीस वर्षं लागायला नको होती. तू सांगितलेली तपासणी मी तेव्हाच केली असती, तर पाच मिनिटांत कळलं असतं. मी घाबरलो, म्हणून केली नाही आणि म्हणून उत्तरही लिहिलं नाही.

तुझ्यानंतर तेवीस वर्षं मुलांना तेच दिसत होतं, पण बाण सगळ्यांनी पुस्तकातले काढले. तुझ्या शून्याकडे बघून ती तसं शिकली. ते शून्य मी दिलं होतं. तुझ्या आकृतीचे गुण दहापैकी दहा. आता त्यांचा उपयोग नाही, आणि विज्ञान शाखा मी तुला परत देऊ शकत नाही, हे मला कळतं. तुला या पत्राचं उत्तर द्यावंसं वाटलं नाही, तर देऊ नकोस."

खाली सही केली. मावशीनं पुन्हा वाचलं. या वेळी खडू हातात घेतला नाही.

संध्याकाळी दोघं चालत टपालपेटीपर्यंत गेली. पेटी चौकात, औषधांच्या दुकानासमोर. शाळा सुटायची वेळ होती. मुलांचे घोळके कडेकडेनं चालले होते. सरांनी पाकिटावरचा पत्ता वाचला, चिठ्ठीवरचा वाचला, पुन्हा पाकिटावरचा वाचला. तिकीट नीट चिकटलंय का ते नखानं तपासलं.

"पेटी रिकामी करून गेले असतील का आजची?"

"साडेसहाला येतात. लिहिलंय तिथं."

"पाऊस आला तर आत पाणी जात नाही ना?"

"अहो, आभाळाकडे बघा जरा."

सरांनी पाकीट फटीत घातलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. बोटं सुटेनात. मागं एक बाई पत्र टाकायला येऊन उभी राहिली होती. मावशी तिला म्हणाली, "एक मिनिट हं, आमचं जरा जुनं आहे." बाई समजल्यासारखी हसली, तिला अर्थातच काही समजलं नव्हतं.

सरांनी पाकीट सोडलं. ते आत पडल्याचा आवाज आला, फारसा मोठा नाही. ते बाजूला झाले आणि त्या बाईनं आपलं पत्र टाकलं.